रिकाम्या केबिनचा हिशेब

गाडी टर्मिनलला लागली. दारं उघडली, आम्ही मोजकी माणसं उतरलो. मग पुढच्या केबिनचं दार उघडून ट्रेन ऑपरेटर बाहेर आली. खांद्यावर पाठपिशवी, हातात पाण्याची बाटली. तीन डब्यांच्या कडेने चालत ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिथलं केबिन उघडलं आणि आत जाऊन बसली. गाडी तीच, रूळ तेच, फक्त तोंड फिरलं. मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद.

ही दोन मिनिटं आजच्या सदराचा विषय आहेत.

इंदूरची मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली. अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली तो दिवस. पंतप्रधानांनी भोपाळहून हिरवा झेंडा दाखवला. सुपर कॉरिडॉरवरचा साधारण सहा किलोमीटरचा तुकडा, पाच स्टेशनं. गाड्या अल्स्टॉमच्या, वडोदऱ्याजवळ सावलीच्या कारखान्यात बनलेल्या. भोपाळ आणि इंदूर दोघांची खरेदी एकत्र झाली: १५६ डबे, म्हणजे तीन डब्यांच्या ५२ गाड्या. त्यातल्या २५ आपल्या. २०२२ मध्ये हा करार झाला तेव्हा त्याची किंमत ३८ कोटी ७० लाख युरो होती, आणि त्यात सिग्नल यंत्रणाही आली. गाडी आणि कंट्रोल रूम एकमेकांशी रेडिओवरून सतत बोलत राहतात, पुढची गाडी कुठे आहे ते मागच्या गाडीला क्षणाक्षणाला कळतं, अशी ती यंत्रणा. पुढे केबिनमध्ये माणूस नसला तरी चालेल, अशा तयारीने हे सगळं घेतलेलं आहे.

छप्पन दुकानवर पोह्यांवर शेव आणि जिरावन पडत असताना माझ्या मित्राने निकाल देऊन टाकला. ‘भिया, ड्रायव्हरच नाही, म्हणजे पगार नाही. मेट्रो पैसाच पैसा कमावणार.’ हे मी फक्त त्याच्याकडून ऐकलेलं नाही. शिकलेली, हिशेबी माणसंही असंच बोलतात. म्हणून पाटी-पेन्सिल घेऊन बसलो.

मंजूर झालेली पिवळी लाइन साडेएकतीस किलोमीटरच्या आसपासची, शहराला वळसा घालणारी. थांबे धरून सरासरी वेग ताशी तीस किलोमीटर मानला, तर पूर्ण फेरा साधारण त्रेसष्ट मिनिटांचा. दर सहा मिनिटांनी गाडी हवी असेल तर एका दिशेला अकरा गाड्या लागतील, दोन्ही दिशांना बावीस. उरलेल्या तीन देखभालीसाठी डेपोत. पंचवीस गाड्यांची ऑर्डर हवेतून आलेली नाही, हे यावरून दिसतं. या बावीस गाड्या सकाळपासून रात्रीपर्यंत चालवायच्या तर पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, रजा, प्रशिक्षण धरून एका गाडीमागे पाच माणसं लागतील. झाली एकशेदहा. एका माणसामागे वर्षाला दहा लाखांचा खर्च मानू. त्यात पगार आला, भविष्य निर्वाह निधी आला, गणवेश आला. एकूण अकरा कोटी.

माणसं आणि पगार हा माझा अंदाज आहे. कुणाला कमी वाटत असेल तर दुप्पट करा.

आता दुसरी बाजू. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१८ मध्ये या प्रकल्पाला मंजुरी दिली तेव्हाचा खर्च ७,५००.८० कोटी रुपये. बांधकाम लांबलं आहे, शहराच्या मधला कोणता पट्टा भुयारातून न्यायचा यावर वर्षानुवर्षं वाद झाले आहेत, त्यामुळे तो आकडा तिथेच थांबणारा नव्हे. पण तोच धरला तरी त्याचा एक टक्का होतो पंचाहत्तर कोटी. या मेट्रोचा मोठा भाग कर्जावर उभा आहे. व्याजाच्या दरात एका टक्क्याचा फरक पडला, तर चालकांच्या पगारातून वाचणारी रक्कम कुठल्या कुठे वाहून जाईल. एकशेदहा माणसं घरी पाठवली तर प्रकल्पाच्या दर हजार रुपयांमागे वर्षाला दीड रुपया वाचतो.

आणि तो दीड रुपयासुद्धा पूर्ण हातात पडत नाही. केबिनमधला माणूस काढायचा तर त्याची कामं कुणाला तरी द्यावी लागतात. दारात कुणाची ओढणी अडकली हे पाहायला कॅमेरे आणि सेन्सर लागतात. कुणी रुळावर पडू नये म्हणून फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे लागतात, मुंबईच्या भुयारी मेट्रोत आहेत तसे. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडली तर आतल्या घाबरलेल्या माणसांशी कंट्रोल रूममधून कुणीतरी बोलावं लागतं, आणि कुणीतरी धावत तिथे पोहोचावं लागतं. इंदूरमध्ये वीज रुळाशेजारच्या थर्ड रेलमधून येते, ७५० व्होल्ट. अडलेल्या गाडीतून प्रवाशांनी आपण होऊन उतरून चालू लागावं, अशी ही जागा नाही. सिग्नल यंत्रणेच्या देखभालीची जबाबदारी करारानुसार पुरवठादाराकडे सात वर्षं आहे. आठव्या वर्षी आपल्याकडे ती यंत्रणा उघडून दुरुस्त करणारे अभियंते नसतील, तर पुरवठादार सांगेल तो भाव द्यावा लागेल. चालकाचा पगार रुपयांत असतो आणि गावातच खर्च होतो. सॉफ्टवेअरची बिलं कुठल्या चलनात येतील, हे तेव्हा कळेल.

पॅरिसमध्ये हा हिशेब वेगळा आहे. तिथली मेट्रोची पहिली लाइन १९०० सालची. २०११-१२ मध्ये त्यांनी ती चालू ठेवूनच टप्प्याटप्प्याने चालकविरहित केली आणि चालकांना दुसऱ्या लाइनींवर कामं दिली. तिथे चालकाचा पगार मोठा आणि त्याची संघटनाही मोठी. डिसेंबर २०१९ मध्ये संपाने शहर ठप्प झालं, तेव्हा पहिली आणि चौदावी या दोन चालकविरहित लाइनी धावत होत्या. त्यांनी केलेला खर्च त्या काही आठवड्यांत त्यांच्या डोळ्यांदेखत कामाला आला. आपल्याकडे मजुरी स्वस्त आणि यंत्र परदेशी. म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. पॅरिसच्या पुस्तकातलं गणित आपण उतरवून घेतलं तर आपलं चुकेल.

मग हा पैसा वाया गेला का? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. आणि म्हणूनच मला राग येतो.

या यंत्रणेची कमाई पगारात नसते, फेरीत असते. फ्रान्समधल्या लिल शहराने १९८३ मध्ये चालकविरहित मेट्रो सुरू केली. गाडी किती लांब? सव्वीस मीटर. आपल्या दोन सिटी बस एकामागे एक लावल्या तर जवळपास तेवढ्याच. पण गर्दीच्या वेळी मिनिटा-मिनिटाला एक गाडी. कॅनडातल्या व्हँकुव्हरने १९८५ मध्ये आणि कोपनहेगनने २००२ मध्ये हाच मार्ग घेतला. गाडी छोटी ठेवायची आणि सारखी सोडायची. गाडी छोटी म्हणजे फलाट छोटा. फलाट छोटा म्हणजे जमिनीखालचा खड्डा छोटा. आणि भुयारी स्टेशनाचा मोठा खर्च त्या खड्ड्यात असतो. चालक असेल तेव्हा कुठलीही संस्था उलटा विचार करते: एका माणसाच्या पगारात जास्तीत जास्त प्रवासी जावेत, म्हणून लांब गाडी सोडू आणि ती उशिराने सोडू. चालक काढला की हे बंधन सुटतं. वीस मिनिटांनी सहा डब्यांची गाडी सोडण्याऐवजी दहा मिनिटांनी तीन डब्यांची सोडली, तर विजेचा खर्च थोडा वाढतो, पगाराचा वाढत नाही. प्रवासी मात्र थांबतो निम्माच.

टर्मिनलवरची दोन मिनिटं इथे येतात. गाडीचं तोंड फिरवायला माणसाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचं, मग ब्रेक तपासायचे, मग निघायचं. संगणक हे काम काही सेकंदांत करतो. लाइनीच्या दोन्ही टोकांना प्रत्येक फेरीत दोन-तीन मिनिटं वाचली, तर दिवसाच्या शेवटी तेवढ्याच गाड्यांमध्ये जास्त फेऱ्या बसतात. किंवा तेवढ्याच फेऱ्यांसाठी एक-दोन गाड्या कमी विकत घ्याव्या लागतात, आणि एक गाडी म्हणजे कित्येक कोटी. पगारापेक्षा ही बचत मोठी. आपली लाइन पूर्ण वर्तुळ झाली की तोंड फिरवायची गरजच उरणार नाही, तो भाग वेगळा. तोपर्यंत आपल्याला दोन टोकं आहेत.

अजून एक उदाहरण घरचंच घेतो. अनंत चतुर्दशीची रात्र. मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात, अख्खं शहर राजवाड्याच्या दिशेने लोटतं, लेकरांना खांद्यावर घेऊन माणसं पहाटेपर्यंत उभी असतात. मिल बंद पडल्या तरी कामगारांनी झांकी थांबू दिली नाही, हे या शहराचं मोठेपण. त्या रात्री दोन वाजता दहा जादा गाड्या हव्यात. चालक असतील तर आठवडाभर आधी ड्युटीचा तक्ता बनतो, विश्रांतीचे तास मोजावे लागतात, दुसऱ्या दिवशीची सकाळ कोरडी पडते. चालकविरहित यंत्रणेत कंट्रोल रूमने ठरवलं की डेपोतून गाडी निघते. रंगपंचमीला गेरची मिरवणूक निघते तेव्हा तेच. पाऊस कोसळून रस्ते तुंबले की तेच. गर्दी पाहून तासाभरात फेऱ्या वाढवायच्या, ओसरली की कमी करायच्या. हे ज्याला जमतं ते यंत्र आपण घेतलं आहे.

आणि ते सुरुवातीला अर्ध्या-अर्ध्या तासाने चालवलं.

सहा किलोमीटरच्या लाइनीवर अर्ध्या तासाने गाडी! या टोकाकडून त्या टोकाला गाडीत बसून पोहोचायला लागतो त्याहून जास्त वेळ फलाटावर उभं राहण्यात जाऊ शकतो. ॲक्टिव्हावर हे अंतर दहा-पंधरा मिनिटांचं. पहिला आठवडा प्रवास मोफत होता, तेव्हा आजी-आजोबा, नातवंडं, लग्नातल्या वऱ्हाडासारखी माणसं आली, फोटो काढले, मिठाई वाटली. मग तिकीट सुरू झालं, सवलतीसह, आणि गर्दी ओसरली. यात इंदूरच्या माणसाचा दोष नाही. शहराच्या कडेला, जिथे अजून वस्ती पुरती बसलेली नाही, तिथे पाच स्टेशनं. टीसीएस आणि इन्फोसिसचे कॅम्पस तिथेच आहेत, विमानतळ फार लांब नाही. पण रामबागेतल्या, लोकमान्यनगरातल्या, टिळकनगरातल्या माणसाने तिथवर जायचं कसं? रामबागेतली माझी काकू म्हणाली, ‘मेट्रोपर्यंत जायला जी रिक्षा करायची, तीच पुढे नेईन की.’ पंचाहत्तर वर्षांच्या बाईने एका वाक्यात वाहतूकशास्त्र सांगितलं.

अमेरिकेतल्या होनोलुलूने जून २०२३ मध्ये त्या देशातली पहिली पूर्ण चालकविरहित शहरी मेट्रो सुरू केली. बांधायला अब्जावधी डॉलर लागले. पहिला टप्पा शहराच्या मध्यभागापर्यंत पोहोचलाच नाही, आणि गाड्या बऱ्याच मोकळ्या धावल्या. केबिन रिकामं ठेवायला एवढा पैसा ओतला आणि डबेही रिकामेच राहिले. आपली गोष्ट त्यांच्यासारखी होऊ नये.

देशातला अनुभव पाहा. दिल्लीत मजेंटा लाइनवर २८ डिसेंबर २०२० ला चालकविरहित सेवा सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पिंक लाइनवर आली. सुरुवातीला बराच काळ गाडीत एक कर्मचारी होता, आणि ते बरोबरच होतं. माणसाचा जीव आहे, घाई कशाला? मुंबईच्या २अ आणि ७ या लाइनी एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाल्या त्या चालकविरहित धावू शकणाऱ्या गाड्यांनिशी. पण केबिनमध्ये माणूस बसवूनच त्या चालवायला घेतल्या. बंगळुरूची यलो लाइन तर शिकण्यासारखी. १९ किलोमीटरची लाइन बांधून तयार, यंत्रणा चालकविरहित, आणि गाड्याच नाहीत! १० ऑगस्ट २०२५ ला ती उघडली तेव्हा हाताशी तीन गाड्या होत्या, आणि फेरी पंचवीस मिनिटांनी. चालकाची अडचण कधी नव्हतीच. दात होते, चणे नव्हते.

इंदूरकडे दात आहेत आणि चणेही आहेत. पंचवीस गाड्या सहा किलोमीटरसाठी लागत नाहीत, दोन-चार पुरतात. फेऱ्या वाढवायला नवं काही विकत घ्यायचं नाही.

हे शहर रेल्वेच्या हिशेबात कच्चं नाही. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. मुदत एकशेएक वर्षं, व्याज साडेचार टक्के. कर्ज देणारा संस्थानिक आणि घेणारं साम्राज्य! पाताळपाणीचा घाट चढून गाडी आली, आणि माळव्याचा कापूस, अफू, धान्य मुंबईच्या बंदराशी जोडलं गेलं. त्या कर्जाच्या मागे एक ठाम अपेक्षा होती: रूळ आले की माल आणि माणसं ये-जा करतील. गाडीच्या रंगाची आणि इंजिनाच्या तंत्राची चर्चा नंतर.

आज कर्ज घेणारे आपण आहोत. म्हणून तीच अपेक्षा जास्त ठामपणे करायला हवी.

एक जखम ताजी आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एबी रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटर, २०१३ पासून आयबस स्वतःच्या मोकळ्या पट्ट्यात धावत होती. विद्यार्थी, नर्स, दुकानातली मुलं, हजारो माणसं रोज जायची. त्या बसला चालक होता, ती स्वस्त होती, आणि पुढची बस लांबून दिसायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो पट्टा तोडण्याचा मार्ग मोकळा झाला. राज्य सरकारला तेच हवं होतं. तीन महिन्यांनी मेट्रोचं उद्घाटन. माझं मत मी लपवत नाही: तो निर्णय चुकला. गाडीला वेग मिळतो तो मोकळ्या वाटेमुळे. चालकविरहित मेट्रो वेळेवर धावते याचंही पहिलं कारण हेच आहे, की तिच्या वाटेत दुसरं कुणी येत नाही. बसला तीच वाट दिली होती. ती काढून घेतली, आणि आता मेट्रोच्या स्टेशनापर्यंत माणसं आणायला बस शोधतो आहोत. २०१७ च्या केंद्राच्या मेट्रो धोरणातच लिहिलं आहे की मेट्रो हवी असेल तर स्टेशनापर्यंत पोहोचवणाऱ्या बस, पायवाटा, सायकलमार्ग यांची जबाबदारी राज्याने घ्यायची. त्या अटीवर पैसे मिळतात.

चालकांबद्दल एक शब्द. त्या दिवशी पाठपिशवी घेऊन फलाटावरून चालत गेलेली मुलगी असेल पंचविशीची. नोकरीसाठी तिने परीक्षा दिली असेल, डेपोत महिने काढले असतील. उद्या केबिन काढलं, तर तिला काढू नका. लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे १९८७ पासून यंत्र चालवतं, तरी गाडीत एक कर्मचारी असतो. तो दारं पाहतो, तिकीट तपासतो, वाट चुकलेल्याला उतरवतो. रात्री नऊला एकटी बाई डब्यात चढते तेव्हा गणवेशातलं कुणीतरी दिसणं, याची किंमत अकरा कोटींच्या हिशेबात मांडता येत नाही. काचेमागचा माणूस प्रवाशांमध्ये आणून बसवा. बचत थोडी कमी होईल, आणि मला ती चालेल.

लाइन पुढे विजयनगर, रेडिसन चौक आणि मग शहराच्या पोटात जाईल, तेव्हा गर्दी आपोआप येईल असं सांगितलं जातं. काही येईलही. पण सवय एकदा मोडली की ती परत लागायला वर्षं जातात. ज्याने अर्धा तास वाट पाहून ॲक्टिव्हा काढली, तो पुन्हा फलाटावर येईलच असं नाही.

आता इंदूरच्या वाचकांना सांगणं आहे. मेट्रोबद्दल तुमच्या भागात कुणी नगरसेवक, आमदार, अधिकारी बोलायला उभा राहिला, तर गाडी चालकविरहित कधी होणार हे विचारू नका. दोनच गोष्टी विचारा. पुढची गाडी किती मिनिटांनी येणार? आणि माझ्या घरापासून स्टेशनापर्यंत कोणती बस जाणार, तिचा नंबर काय? उत्तर तारखेसह मागा आणि लिहून घ्या.